नारळीकर वाचायचेत पण सुरुवात कुठून करू? हे घ्या

मे २०२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक जयंत नारळीकर सर गेले तेव्हापासून हा प्रश्न खूप जणांकडून ऐकलाय, की विज्ञानकथा कधी वाचल्याच नाहीत, आता वाचायच्यात तर पहिलं काय घेऊ. बरेच जण 'कृष्णविवर' सांगतात कारण ती त्यांची पहिली कथा. मी म्हणेन आधी 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा, क्रम वगैरे नंतर बघू.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात जिथे मराठे १७६१ चं पानिपत जिंकलेत. मग हा माणूस काय करतो, तर सरळ एशियाटिक लायब्ररीत जाऊन इतिहासाची पुस्तकं काढून बसतो आणि नेमकं कुठे इतिहासाच्या गाडीने रूळ बदलला ते शोधतो. विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून गेली, बस, एवढाच फरक. इथे पुस्तक मिटा आणि मोबाईलही लांब ठेवा. कागद घेऊन लिहून काढा की मग पुढे काय काय बदललं असतं, दिल्लीत कोण असतं, इंग्रजांच्या हातात काय उरतं, रेल्वे आली असती का. मग पुढे वाचा आणि ताडून बघा. नारळीकर वाचायची खरी पद्धत हीच, ते जगातली एकच गोष्ट हलवतात आणि बाकी सगळं नियमाने चालू देतात, त्यामुळे आपल्यालाही त्यांच्यासोबत गणित मांडता येतं. शेवटी क्वांटम भौतिकशास्त्राचं स्पष्टीकरण येतं तिथे डोकं अडकेल, अडकू द्या, पण ती पानं गाळू नका कारण अख्खी कथा त्यावरच उभी आहे. (याच कथेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी असलेली सभा आहे, आणि २०२१ च्या नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे सर स्वतः अध्यक्ष, पण तब्येतीमुळे जाऊच शकले नाहीत!)

दुसरी 'उजव्या सोंडेचा गणपती'. ही वाचायच्या आधी पाच मिनिटं हातकाम करा. बटर पेपरची लांब पट्टी कापा, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा, झाली मोबियसची पट्टी. आता स्केचपेनने 'क' काढा आणि पट्टीवर पुढे पुढे सरकत तसाच 'क' काढत चला. एक फेरी झाली की तुम्ही पहिल्या 'क'च्या मागे पोचता आणि तो आरपार उलटा दिसतो, म्हणजे आरशातल्यासारखा. आता कथा वाचा, डाव्याचं उजवं कसं होतं ते लगेच कळेल.

तिसरी 'धूमकेतू', वैज्ञानिक एकीकडे आणि यज्ञ एकीकडे, आजही लागू पडते. मग 'वामन परत न आला' ही कादंबरी, एआयच्या बातम्या वाचून झोप उडत असेल तर हीच आधी घ्या खरं तर.

एक आधीच सांगून ठेवते, पात्रांच्या मनात खोल शिरणारं लेखन इथे शोधू नका. माणसं थोडी सपाट आहेत, संवाद कधी कधी लेक्चर वाटतात, हिरो असते ती कल्पना. सरांच्या पीएचडीचे गाइड खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, जे स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहायचे, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं यात सरांना काही विचित्र वाटलंच नसणार.

आता 'कृष्णविवर' वाचा, तिच्यामागची भानगड माहीत असली की जास्त मजा येते. १९७४ ची मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा, सरांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेली, नाव बघून परीक्षक दबतील म्हणून त्यांनी जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप नावाने कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस!

आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' सगळ्यात शेवटी घ्या. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे, असा प्रवास आहे आणि याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. जाडजूड आहे, सलग वाचायचा हट्ट नको, केंब्रिजचा भाग आधी वाचलात तरी चालेल. घरात आठवी-नववीतलं पोर असेल तर 'यक्षांची देणगी' हा संग्रह त्याच्यासमोर नुसता ठेवून द्या, वाच म्हणून मागे लागू नका.