थ्रो-इनच्या वेळी कोणी कुठे उभे राहावे : नवोदित पंचांसाठी काही अनुभव

सोलापुरातील शालेय आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की सामना सुरू होण्यापूर्वी मैदानाला एक फेरी मारून साइडलाइन (लांबीच्या बाजूची रेषा) आणि एंडलाइनच्या (बास्केटमागची रेषा) बाहेर किती जागा मोकळी आहे, हे पाहून घ्यावे. आपल्याकडे उघड्यावरच्या सिमेंटच्या मैदानांवर एका बाजूला कुंपणाची भिंत रेषेला खेटून असते, तर दुसऱ्या बाजूला ऐसपैस जागा असते, आणि थ्रो-इनचा, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याचा, निर्णय नेमका यावरच फिरतो. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांतील सतराव्या कलमानुसार रेषा आणि बाहेरचा अडथळा यांत २ मीटरपेक्षा कमी अंतर असेल, तर चेंडू आत टाकणाऱ्यापासून इतर खेळाडूंनी निदान १ मीटर दूर राहिले पाहिजे. हे बंधन त्याच्या सहकाऱ्यांनाही लागू आहे, आणि नेमके तेच बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. मोकळ्या बाजूला मात्र बचाव करणारा थेट रेषेपाशी येऊ शकतो. चेंडू रेषा ओलांडून आत येईपर्यंत त्याच्या शरीराचा कोणताही भाग रेषेपलीकडे जाता कामा नये, एवढेच.

चेंडू टाकणाऱ्याचा बूट रेषेवर पडला, की प्रेक्षकांतून ‘पाय, पाय’ असा गलका हमखास होतो. तेव्हा शिट्टी वाजवू नये, कारण सीमारेषा खेळाच्या मैदानाचा भाग नाही. हातात चेंडू असताना पाय रेषेच्या आत मैदानात पडला, तरच नियमभंग होतो. पंचाने दाखवलेल्या जागेवरून बाजूला एकूण १ मीटरपर्यंत सरकण्याची मुभा असते, आणि मागे जागा असेल तितके जाता येते. प्रतिस्पर्ध्याने बास्केट केल्यानंतर मात्र एंडलाइनमागे हवे तसे सरकता येते, सहकाऱ्याकडे चेंडूही देता येतो. पण ५ सेकंद पहिल्या खेळाडूकडे चेंडू आल्यापासूनच मोजावे लागतात.

अमेरिकन शालेय सामन्यांची चित्रफीत पाहून आलेली मुले रेषेलगत एकाच संघाचे खेळाडू शेजारी-शेजारी उभे राहिल्याबद्दल तक्रार करतात. प्रतिस्पर्ध्याला मधली जागा हवी असल्यास ती देण्याचे ते बंधन तिथल्या नियमपुस्तकातले आहे. फिबात जो खेळाडू आधी जागा घेतो, त्याची ती जागा, मात्र ती मिळवताना धक्का लागता कामा नये.

चौथ्या सत्राच्या आणि प्रत्येक जादा वेळेच्या शेवटच्या २ मिनिटांत सर्वांत जास्त सावध राहावे. थ्रो-इनसाठी चेंडू देण्यापूर्वी पंचाने बचाव करणाऱ्याला रेषा न ओलांडण्याचा इशारा हाताच्या खुणेने द्यायचा असतो. त्यानंतरही त्याने रेषेपलीकडे हात घालून अडथळा आणला, तर थेट टेक्निकल फाउल (अंगस्पर्शाविना झालेल्या गैरवर्तनाबद्दलचा फाउल) द्यावा. ही खूण दोन्ही बाकांवरील प्रशिक्षकांना दिसेल अशी, न घाई करता करावी, म्हणजे पुढे दिलेल्या निर्णयावर वाद घालण्यास जागा उरत नाही.