जुन्या गाडीची थरथर: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी थरथरू लागली की पहिल्याच गॅरेजात ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं ऐकायला मिळतं. उतरवण्याची मजुरी काही थोडी नसते, आणि दोष दुसरीकडेच निघाला तर ती पाण्यात जाते. थरथर कधी येते आणि काय केल्यावर जाते, एवढं नीट पाहिलं तर निम्मं निदान पाना न लावताच होतं.

गाडी पूर्ण गरम करून तपासा; थंड गाडीत बरेच दोष दडून राहतात. सपाट रस्त्यासाठी भल्या पहाटे, वर्दळ नसताना, कोल्हापूरजवळचा गोकुळ शिरगाव ते कागल हा हायवे आणि चढासाठी वाघबीळवरून पन्हाळ्याकडे जाणारा रस्ता घ्या. शेजारी कुणाला तरी बसवा. वेग, गिअर आणि आरपीएम त्यानं लिहायचं, तुम्ही फक्त गाडी चालवायची.

ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला, मागंपुढं वाहन नसताना, क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडा. गाडी घरंगळतानाही थरथर तशीच राहिली तर बॅलन्सिंग, टायरचा फुगवटा किंवा वाकडी रिम पाहा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क. प्रत्येक गिअरमध्ये ठरावीक आरपीएमलाच येते, आणि उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस केली तरी येते? मग इंजिन किंवा त्याचं माउंटिंग, म्हणजे इंजिनाला गाडीच्या बॉडीवर धरून ठेवणारं रबर. पेट्रोल गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर चढावर टॉप गिअरमध्ये बसणारे झटके हुबेहूब गिअरबॉक्सचे वाटतात, पण गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर पी ०३०० ते पी ०३०४ पैकी दोषाचा कोड दिसला तर आधी प्लग आणि कॉइल बघा.

आता क्लच. मॅन्युअल गाडीत सगळ्यात जास्त थरथर इथंच असते आणि तिची खूण ठळक आहे: गाडी जागेवरून हलताना, हाफ क्लचवर, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये येते. क्लच पूर्ण सुटला की थांबते. पण याच लक्षणाचं दुसरं, कितीतरी स्वस्त कारण म्हणजे तुटलेलं माउंटिंग, त्यामुळे आधी ते तपासा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबून धरा आणि क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडा. एकदा पहिल्यात, एकदा रिव्हर्समध्ये. बघणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढं-मागं कुणीही नको. इंजिन थोडं कलणं ठीक. धाडकन उचलून आपटत असेल तर रबर गेलं आहे.

माउंटिंग चांगलं असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाचं भोक बघा. तिथं तेल दिसलं तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास असतो. तेल तसं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं) सील गळतंय, इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. तेल लागलेली क्लच प्लेट पेट्रोलनं धुऊन पुन्हा बसवण्याचा प्रकार अजून चालतो. प्लेटच्या लायनिंगमध्ये मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं, त्यामुळे सील आणि प्लेट दोन्ही बदलावी लागतात.

तेल नसेल तर उष्णता. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं हाफ क्लचवर तासभर सरपटलेल्या गाडीचं फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट पकडते) जागोजागी निळं-काळं पडतं. ते डाग बाकीच्या लोखंडापेक्षा कडक होतात आणि पकड एकसारखी बसत नाही. नुसती प्लेट बदलून थरथर जात नाही ती यामुळे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला आणि फ्लायव्हील कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेस मारून, म्हणजे लेथवर पृष्ठभाग सपाट करून, घ्या. बसवल्यावर डायल गेज लावून डगमग मोजायला सांगा; लहान गाड्यांत ती साधारण ०.२ मिमीच्या आत हवी. ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) मात्र लेथवर चढवू नका, ते बदलायचंच असतं. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस पुसटसंच लावा, जास्तीचं उडून नव्या प्लेटवरच बसतं. पहिले ४००-५०० किलोमीटर नवा क्लच किंचित थरथरला तर घाबरू नका.

गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात कोल्हापूरच्या शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात उभी होती का, हे जुनी गाडी घेताना जरूर विचारा. हाउसिंगमध्ये पाणी आणि गाळ शिरला की फ्लायव्हील गंजतं, प्लेट त्याला चिकटते आणि सुटल्यावरही खरखरीत पकडते.

निघताना काही नाही, पण ४० ते ८० च्या दरम्यान ॲक्सिलरेटर दाबला की थरथर आणि पाय काढला की शांत, असं असेल तर पुढच्या ॲक्सलचा आतला जॉइंट तपासा. त्याचं बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटून ग्रीस गेलेलं असतं. बाहेरच्या जॉइंटची खूण वेगळी: स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना कट-कट आवाज.

ऑटोमॅटिकमध्ये आधी प्रकार ओळखा. एएमटीला (मॅन्युअल गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप चालवते) क्लच प्लेट मॅन्युअलसारखीच असते, त्यामुळे क्लच बिघडण्याची वरची कारणं तिलाही लागू. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते ती) ५०-८० च्या वेगाला, हलक्या पायावर, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी गुरगुर येते. त्या क्षणी ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायानं ब्रेक नुसता टेकवा. आरपीएम थोडे वाढून गुरगुर गेली तर कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, घसरतोय. सोबत पी ०७४१ कोडही येऊ शकतो. अशा वेळी तेल बदलून बघणं रास्त आहे, मात्र कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं. एकदा काढून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून मध्ये थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदला. निघालेलं तेल पांढऱ्या कापडावर ओता: तपकिरी असेल तर आशा आहे, काळं, जळका वास आणि चमचमणारा चुरा दिसला तर नव्या तेलावर पैसे घालू नका, गिअरबॉक्स खोलण्याचा अंदाजखर्च लेखी घ्या.