ठिबकच्या अनुदानाचा अर्ज करणार असाल तर

सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक हे काय सांगायचं, ते पिशवीत असतंच. सातबारा तेवढा ताजा काढा आणि त्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद आहे का ते बघा. आमच्या मोहोळ भागात निम्म्या बोअरी सातबाऱ्यावर नसतातच. तुमचीही नसेल तर आधी तलाठ्याला गाठा. लाइट बिल जवळ ठेवा. जमीन भावकीत सामायिक असेल तर संमतीपत्रावर सह्या आत्ताच घ्या, नंतर एखादा पुण्याला निघून जातो आणि फोन उचलत नाही. फार्मर आयडी १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा आहे, त्याशिवाय महाडीबीटीवर, म्हणजे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवर, पुढं सरकताच येत नाही. आता सोडतही नाही, आधी अर्ज त्याला आधी लाभ, म्हणून कागद जमवून मगच अर्ज करू असं म्हणत बसू नका.

निवड झाल्याचा मेसेज येतो. हा मेसेज म्हणजे पूर्वसंमती, म्हणजे खरेदी करायची लेखी परवानगी, नव्हे. इथंच मी गाढवपणा केला. आडसाली उसाची लागण तोंडावर, सऱ्या पाडून तयार, कॅनॉलचं पाणी सुटलेलं. दुकानदार म्हणाला, "निवड झालीय ना, संमती काय आज ना उद्या येतीय, पाइप टाकून घ्या." टाकले. अडीच एकर. बिल निघालं २२ जुलैचं आणि पूर्वसंमती आली २६ला. तपासणीला आलेल्या साहेबांनी बिलावर नुसतं बोट ठेवलं, तारखेवर. दुकानदाराला म्हटलं, नवीन बिल दे, तर म्हणाला जीएसटीत भरून झालंय. चार दिवसांसाठी सगळं अनुदान गेलं. लागण चार दिवस पुढं ढकलली असती तर उसाला काही झालं नसतं.

तर पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय नळीचं एक बंडलसुद्धा शेतात उतरवू नका. ॲडव्हान्स दिला तरी बिल करून घेऊ नका. दुकानदाराला माल खपवायचाय, त्याचं "होऊन जातंय" ऐकू नका. आणि अर्ज लागणीच्या तोंडावर करू नका. उन्हाळ्यात, रान मोकळं असताना करा, म्हणजे वाट बघायला जीव राहतो.

पैशाचा हिशेबही आधीच समजून घ्या. अल्प-अत्यल्प भूधारकाला, म्हणजे ५ एकरांच्या आतल्याला, ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के, असं सगळे सांगतात. पण ते टक्के शासनाच्या मापदंडावर, म्हणजे शासनानं ठरवलेल्या खर्चावर असतात, तुमच्या बिलावर नाही. दोन लॅटरलमधलं, म्हणजे सरीत अंथरायच्या नळ्यांमधलं, अंतर किती, त्यावर मापदंड ठरतो. साडेचार फुटी सरी असेल तर कोटेशनमध्ये तेच अंतर लिहून घ्या. शिवाय आधी सगळी रक्कम आपल्या खिशातून जाते, अनुदान मागून येतं. सोसायटीचं कर्ज त्या भरवशावर काढलं असेल तर व्याजही धरा. विक्रेता योजनेत नोंदणी असलेल्या कंपनीचाच हवा.

पूर्वसंमती आली (आली ना? तारीख वाचली ना?) की मगच खरेदी करायची, मुदतीत जोडणी करायची आणि बिल अपलोड करायचं. मोका तपासणीला, म्हणजे साहेब रानात येऊन बघतात तेव्हा, स्वतः रानात थांबा, फोटोत तुम्ही लागता, मुलाला पाठवून भागत नाही. नळ्या तेव्हा अंथरलेल्या पाहिजेत, गुंडाळून वस्तीवर ठेवलेल्या चालत नाहीत.

पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. कुठलं खातं जोडलंय ते बँकेत विचारून ठेवा, दोन-तीन खाती असली की घोळ होतो. बाकी मेसेज बघत राहायचं.

आणि बिल हातात घेतल्यावर, दुकानातून उठायच्या आधी, तारीख बघा. पूर्वसंमतीच्या नंतरचीच पाहिजे.