खान्देशातली रहस्यकथा लिहिताय? साक्षीदाराच्या बाबतीत या चुका टाळा

नको त्या वेळी नको तिथे सापडलेला माणूस आणि एक संशयास्पद मृत्यू, एवढ्यावर थ्रिलर उभं राहतं. ते घसरतं बहुधा साक्षीदारापाशीच.

त्याला सगळं दिसतं
सगळ्यात मोठी चूक हीच. रावेर-यावलकडे शेतीची लाईट रात्रीची असली की माणूस मोटार चालू करायला मळ्यात जातोच, तेव्हा निमित्त शोधावं लागत नाही. पण भरलेल्या केळीच्या बागेत रात्री चार ओळींपलीकडचं काय दिसणार? बॅटरी मारली तर उजेड समोरच्या पानावरच अडतो. म्हणून चेहरा दाखवू नका. पानांची सळसळ, लांब गेलेली फटफटी, आणि विहिरीपाशी नीट जोडीने काढून ठेवलेल्या चपला, इतकं पुरे. सकाळी गाव म्हणतं, पाय घसरून पडला. चपला काढून कोणी घसरतं का? आणि पंचनाम्यात त्या चपला नसतीलच, तर तुमची कथा पळायला लागली.

पहिल्याच दिवशी खुनाचा गुन्हा
असं सहसा होत नाही. पोलीसपाटील ठाण्याला कळवतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, मग पंचनामा, शवविच्छेदन. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ लिहू नका. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ लागतं. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. कोर्टात त्याला फिरवायचा असेल तर ही फट वापरा. फिरू द्यायचा नसेल, तर जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवा, कलम १८३.

मृत्यूची वेळ
मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. अशा उन्हात प्रेत लवकर ताठरतं आणि लवकर सैलही पडतं. थंड मुलखातल्या कथांमधले तास उचलू नका.

सगळ्यांच्या तोंडी अहिराणी
धुळे-अमळनेरकडे शोभेल. रावेर-यावलला लेवा गणबोली, अक्कलकुव्याच्या डोंगरात भिली. आणि दर दोन पानांनी भरीत-पुरी नको हो!

कथा मध्येच अडकली तर
लगेच दुसरा मुडदा पाडू नका, तो आळस आहे. साक्षीदार गप्प का, हे तपासा. नुसता ‘घाबरला’ म्हणून भागत नाही. त्याची मोटार आकड्यावर चालते असं करा, किंवा मयताशी त्याचा बांधावरून वाद चालू ठेवा. मग ठाण्यात पहिला प्रश्न त्यालाच येईल: एवढ्या रात्री तू तिथे काय करत होतास?