भट्टी कितीदा लावायची? भरली की!

घरी मातीची भांडी भाजायची छोटी इलेक्ट्रिक भट्टी आली की सुरुवातीला हात नुसते शिवशिवतात, चार कप वाळले की लाव भट्टी, मीपण तेच केलं आणि लाईट बिल बघून गप्प बसले. तर वार वगैरे ठरवू नका, भरली की लावा. अर्धी रिकामी असली तरी विटा आणि शेल्फ तापवायला वीज लागतेच ना. पहिल्या भाजणीला, म्हणजे साधारण १००० डिग्रीला, भांडी एकात एक ठेवली तरी चालतं त्यामुळे भरपूर मावतं, ग्लेझच्या, म्हणजे काचेसारखा लेप लावून केलेल्या दुसऱ्या भाजणीच्या वेळी मात्र मधे थोडी जागा सोडा नाहीतर कायमची चिकटतात, म्हणून ग्लेझच्या फेऱ्या जास्त होतात.

आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये घाई नकोच! आठवडा झाला तरी जाड बूड आतून ओलं असतं, भांडं गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून पाणी आहे, १०० डिग्रीला त्याची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारच्यालाही घेऊन जातं. अगदीच अर्जंट असेल तर ओळखीच्या कुणाच्या भट्टीत जागा मागा, फक्त आपली माती किती डिग्रीची ते आधी सांगा, टेराकोटा १२०० ला गेला तर वितळून त्यांच्या शेल्फवर बसतो.