कोरल हनीसकल : मार्चमध्ये शेंडे उलटून पाहा

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत कुंपणावर देशी कोरल हनीसकल लावलेल्या मराठी कुटुंबांनी इतर कामे बाजूला ठेवून या आठवड्यात वेलीचे कोवळे शेंडे तपासावेत. नवी पालवी फुटताच मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो, आणि एप्रिलमध्ये कळ्या वेड्यावाकड्या होईपर्यंत बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही. मावा वेल सहसा मारत नाही, पण त्या हंगामाचा पहिला, सर्वांत भरगच्च बहर मात्र नेतो.

पाने आत वळलेली, कळ्यांचा झुबका आखडलेला, खालच्या पानांवर चिकटा आणि खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली, की मावा आहे असे समजावे. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यांवर, विशेषतः पानांच्या खालून मारावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारावा. तेवढ्याने न भागल्यास कीटकनाशक साबणाचे १ ते २ टक्के द्रावण, म्हणजे लिटरला १० ते २० मि.ली., लेबल वाचून, ऊन उतरल्यावर फवारावे. ढालकिडे (लेडीबग) किंवा त्यांच्या अळ्या दिसत असतील तर मात्र थांबावे. ते मावा फस्त करतात. उबदार दिवसांमागून गार, ढगाळ आठवडा आला की मावा झपाट्याने वाढतो, असा माझा अंदाज आहे. त्या आठवड्यात एक दिवसाआड पाहणी करावी.

दुकानदार मुळाशी घालण्याचे इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे महागडे दाणे पुढे करतात. ते घेऊ नयेत. हे औषध झाडात भिनून मकरंदात उतरू शकते, आणि हा मकरंद प्यायला हमिंगबर्ड व मधमाश्या येतात. लॉनसाठीचे नत्रयुक्त खतही वेलीला घालू नये. लुसलुशीत वाढ माव्याला आयतीच मिळते आणि फुले कमी येतात.

नवे रोप घेताना फुलाखालची पानांची जोडी पाहावी. देशी वेलीत ती देठाभोवती जुळून एकसंध झालेली असते, आणि फूल लांबट, बाहेरून तांबडे, जवळजवळ गंधहीन असते. पांढरी, पुढे पिवळी पडणारी सुवासिक फुले आणि काळी फळे असलेला जपानी हनीसकल रानात पसरून देशी झाडे गुदमरवतो. तो लावू नये.

इतर कामे :
– ऊन : किमान ६ तास, सावलीत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) वाढते
– जमीन : निचऱ्याची
– आधार : जाळी किंवा तार, १० ते २० फूट वाढीसाठी
– आच्छादन : २ ते ३ इंच, खोडापासून दूर
– पाणी : पहिल्या वर्षी आठवड्याला सुमारे १ इंच
– छाटणी : पहिला बहर ओसरल्यावर, हिवाळ्यात नको

कळ्या आधीच मुरडल्या असतील तर ते शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकावेत. उन्हाळ्यात नव्या फुटीवर थोडीफार फुले येत राहतात.