नट-बोल्ट आणि मातीच्या मूर्ती: या चुका टाळा

गॅरेजमधून किंवा भंगाराच्या दुकानातून आणलेला जाड बोल्ट म्हणजे धड, षटकोनी नट म्हणजे डोके, दोन वॉशर म्हणजे टाळ, आणि चेहरा, पागोटे व धोतराच्या निऱ्या तेवढ्या हवेत सुकणाऱ्या पांढऱ्या क्लेच्या, असा वीतभर उंचीचा वारकरी मी पहिल्यांदा केला, तेव्हा तो मला फार आवडला होता. चौथ्या दिवशी त्याच्या छातीवर उभी भेग पडली आणि आठवडाभरात धोतरावर तपकिरी डाग उमटले. दोन्ही दोषांचे मूळ धातू आणि माती जिथे भेटतात त्या सांध्यात होते, आणि या कामातल्या बहुतेक चुका तिथेच होतात.

भेगेचे कारण सरळ आहे. माती सुकताना तिच्यातले पाणी जाते आणि ती आकसते. आतला बोल्ट मात्र तसूभरही आकसत नाही. त्यामुळे बाहेरचा थर ताणला जातो आणि जिथे तो सर्वांत पातळ असेल, किंवा जिथे नटाचा कोपरा आतून टेकत असेल, तिथे तो फाटतो. शाडू असो वा पाकिटातली क्ले, दोन्हींचे वागणे सारखेच असते. मूर्ती लवकर सुकावी म्हणून ती उन्हात किंवा पंख्याखाली ठेवणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी घाई आहे, कारण वरचा थर आधी आकसू लागतो आणि आतली ओली माती त्याला आकसायला जागा देत नाही. शाडूच्या गणेशमूर्ती सावलीत सुकवतात, तीच पद्धत इथेही पाळावी. पहिले दोन दिवस मूर्तीवर सैलसर प्लास्टिक टाकून ठेवले तर ओल सावकाश जाते. शाडू वापरत असाल तर मळताना तिच्यात कागदाचा भिजवलेला लगदा मिसळावा, आणि धातूवर माती थेट न थापता आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचा किंवा मास्किंग टेपचा एक वेढा द्यावा. हा वेढा थोडा दबतो, म्हणून आकसणाऱ्या मातीला वाव मिळतो.

डाग पडतात ते गंजामुळे. ओली माती लोखंडाला लागली की गंज धरतो आणि तो पाण्याबरोबर झिरपत पृष्ठभागापर्यंत येतो. वरून कितीही रंग दिला तरी तो पुन्हा डोकावतो. त्यासाठी जुने तुकडे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासावेत, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात धुवावेत आणि लगेच पूर्ण कोरडे करावेत, कारण ओले ठेवल्यास काही तासांतच त्यांवर नवा गंज दिसू लागतो. तुकडे व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या बरणीचे झाकण घट्ट लावू नये. आम्लाची धातूशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. कोरड्या तुकड्यांवर रेड ऑक्साइड प्रायमरचा हात दिला आणि तो पूर्ण वाळू दिला, की मग माती लावावी.

गंज नसलेले तुकडेही फसवतात, कारण त्यांवर तेल किंवा ग्रीस असते. माती अशा ठिकाणी चिकटल्यासारखी वाटते आणि सुकल्यावर नळीसारखी अख्खी सरकून बाहेर येते. भांड्यांच्या साबणाने धुऊन शेवटी थिनरच्या फडक्याने पुसावे, आणि तेही खिडकी उघडी ठेवून. ज्या भागावर माती बसवायची तिथे शक्यतो आटे असलेला भाग निवडावा. गुळगुळीत दांडा असेल तर त्याला बारीक बाइंडिंग तारेचे वेढे द्यावेत.

हात, मान आणि पाय केवळ झटपट गोंदाने जोडू नयेत. तो गोंद धक्क्याला ठिसूळ ठरतो. जिथे नट फिरवून आवळता येतो तिथे तेच करावे, बाकी ठिकाणी एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी वापरावी. दोन्ही भाग समान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळावेत, नाहीतर अर्धवट मिसळलेले ठिपके कायम मऊ राहतात. हातमोजे घालावेत, कारण वारंवार स्पर्श झाल्यास काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात.

ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले घेतली, तर आकसण्याची चिंता जवळजवळ राहत नाही, मात्र जाड बोल्ट उष्णता शोषत राहतो आणि त्याला लागून असलेली क्ले कच्ची राहते. उपाय म्हणून तापमान वाढवू नये. बहुतेक पॉलिमर क्ले पीव्हीसीपासून बनतात आणि साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजल्या जातात. खूप तापवल्यास त्या करपतात आणि त्यांतून हायड्रोजन क्लोराइडचा त्रासदायक धूर निघतो. पाकिटावर दिलेल्या मर्यादेतच राहून वेळ वाढवावी. जुन्या बॅटऱ्यांचे भाग आणि शिशाची वजने यांना मात्र या कामात जागाच देऊ नये.

झिंक प्लेटिंग केलेल्या चकचकीत स्क्रूवर ऑइल पेंट काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो, कारण जस्त आणि रंगातले तेल यांच्यात क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. तिथे आधी धातूसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाला धरून बसणारा पहिला थर, लावावा.

आणि भेग पडलीच, तर ती लगेच बुजवू नये. मूर्ती पूर्ण सुकू द्यावी, भेग सुरीच्या टोकाने थोडी रुंद करावी, कडा ओल्या ब्रशने मऊ कराव्यात आणि त्याच मातीची घट्ट पेस्ट दाबून भरावी. दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा बारीक चिरली तर आणखी एक हात द्यावा आणि मगच पॉलिश पेपर फिरवावा.